सुगंधी तेलांचा मनःस्थितीवर आणि स्मरणशक्तीवर खरोखर परिणाम होतो का?

पारिजात (प्रश्न)

माझी मुलगी मोठ्या परीक्षेची तयारी करते आहे. अभ्यासाच्या खोलीत डिफ्युझरमध्ये, म्हणजे वास हवेत पसरवणाऱ्या उपकरणात, रोझमेरीचे तेल ठेवले तर वाचलेले लक्षात राहते आणि रात्री उशीवर लव्हेंडरचे थेंब टाकले तर मन शांत होते, असे तिच्या वाचनात आले, आणि तेव्हापासून दोन्ही बाटल्या घरात आहेत. वास प्रसन्न आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु यामागे तपासून पाहिलेले काही आहे की ही केवळ मनाची समजूत आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे. तिची स्वतःची एक शंकाही विचारते: लव्हेंडर दिवसा, अभ्यास करतानाच लावले, तर परीक्षेचे दडपण कमी होईल का?

अक्षरवेल

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देते: अभ्यास करताना लव्हेंडर लावू नये. इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात मार्क मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४४ जणांना रोझमेरीचा वास असलेल्या, लव्हेंडरचा वास असलेल्या किंवा कोणताच वास नसलेल्या छोट्या खोलीत बसवून स्मरणाच्या व अवधानाच्या चाचण्या दिल्या होत्या, आणि प्रयोगाचा खरा हेतू त्यांच्यापासून लपवलेला होता. लव्हेंडरच्या गटाची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता, खालावली आणि प्रतिसादही मंदावले. रोझमेरीच्या गटात स्मरणाचा दर्जा सुधारला, पण आठवण्याचा वेग कमी झाला. तेलाच्या जाहिरातींत हा दुसरा भाग सहसा वगळलेला असतो. चाचण्या संपल्यावर मात्र दोन्ही सुगंधी खोल्यांतील माणसे बिनवासाच्या खोलीतील माणसांपेक्षा अधिक समाधानी होती.

त्याच विद्यापीठातील २०१२ च्या एका अभ्यासात २० जणांचे रक्त तपासले गेले, तेव्हा रोझमेरीतील सिनिओल हे द्रव्य ज्यांच्या रक्तात जास्त सापडले त्यांची चाचण्यांतील कामगिरीही सरस होती. श्वासावाटे घेतलेले द्रव्य रक्तात उतरते, एवढे त्यावरून पक्के म्हणता येते. वीस माणसांच्या थोड्या वेळाच्या चाचण्यांवरून महिनोन्महिने चालणाऱ्या अभ्यासाबद्दल भाकीत करणे मला पटत नाही.

ऋतुगंध

परीक्षेच्या ताणाखालील विद्यार्थ्यांचे समुपदेशन हे माझे काम आहे, म्हणून मनःस्थितीच्या बाजूने लिहितो.

गंधाचा मार्ग इतर इंद्रियांपेक्षा वेगळा आहे. दिसलेले आणि ऐकलेले आधी मेंदूतील थॅलॅमस या भागात जाते आणि तेथून पुढे पाठवले जाते. नाकातून निघालेला संदेश मात्र त्या थांब्याशिवाय भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डालापर्यंत पोहोचतो. जपानमधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांना लव्हेंडरमधील लिनालूल हुंगवले, तेव्हा त्यांची भीती कमी झाली. पण ज्या उंदरांची गंधसंवेदना नष्ट केली होती, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. म्हणजे येथे द्रव्य रक्तात उतरणे पुरेसे नव्हते, वास येणेच आवश्यक होते. अक्षरवेल यांनी सांगितलेला रक्तातील मार्ग खोटा आहे असे मी म्हणत नाही; दोन तेलांची वाट एकच असावी, असे गृहीत मात्र धरू नये.

माणसांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत येते, ती अपेक्षेची. आयर्लंडमधील संशोधकांच्या २००८ च्या प्रयोगात लव्हेंडरच्या वासाने तरुण स्त्रियांच्या शरीरातील ताणाच्या खुणांत फरक पडला नाही. त्या वासाबद्दल त्यांना आधी काय सांगितले होते, त्याने पडला. आपल्या मुलीला रात्री त्या वासाने शांत वाटत असेल, तर त्यात तिच्या विश्वासाचा वाटा मोठा असू शकतो, आणि म्हणून तिला मिळणारी शांतता खोटी ठरत नाही. रोज दिवा मालवण्यापूर्वी तोच वास आला, तर मन तो झोपेशी जोडू लागते. याच कारणासाठी मीही दिवसा लव्हेंडर वापरू नये असे सांगेन, म्हणजे हा संबंध विस्कटणार नाही.

तुळसमंजिरी

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. वर सगळी चर्चा हुंगण्याची झाली आहे. चिंतेसाठी लव्हेंडरचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो गिळण्याच्या प्रमाणित कॅप्सूलचा: ८० मिलिग्रॅमच्या या कॅप्सूलच्या चाचण्या प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी, आणि पॅरॉक्सेटिनसारख्या चिंतेवरील औषधाशीही तुलना करून झालेल्या आहेत. पण बाजारातील बाटलीतले तेल म्हणजे ती कॅप्सूल नव्हे. बाटलीतले तेल कोणीही पोटात घेऊ नये, आणि कॅप्सूलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

घरात कोणाला अपस्मार किंवा दमा आहे का, हेही पाहावे. रोझमेरीच्या तेलात कापूर असतो आणि अधिक मात्रेत तो झटके आणू शकतो. जुनी, उघडी राहिलेली लव्हेंडरची बाटली टाकून द्यावी, कारण हवेच्या संपर्काने लिनालूलपासून त्वचेला ॲलर्जी करणारी द्रव्ये तयार होतात. उशीवर थेंब टाकताना गाल त्यावरच टेकणार आहे, हे लक्षात असू द्यावे. थेंब रुमालावर टाकून तो उशीपासून थोडा दूर ठेवलेला बरा.

पारिजात

आपणा सर्वांचे मनापासून आभार. अपस्मार किंवा दमा कोणालाच नाही. मात्र मुलीच्या खोलीत आमची मांजर झोपते. तिच्यासाठी काही काळजी घ्यावी लागेल का?

तुळसमंजिरी

होय, आणि ही काळजी सर्वांत आधी घ्यावी. अशा तेलांतील अनेक द्रव्ये निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मांजरांमध्ये माणसांपेक्षा फार कमी असते. शिवाय डिफ्युझरमधून उडालेले सूक्ष्म थेंब तिच्या केसांवर बसतात आणि अंग चाटताना पोटात जातात. तेव्हा मांजर खोलीत असताना डिफ्युझर बंद ठेवावा, दार उघडे ठेवून तिला बाहेर जाण्याची वाट असू द्यावी, आणि रुमालही तिच्या आवाक्याबाहेर ठेवावा. लाळ गळणे, उलटी होणे, चालताना तोल जाणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी पशुवैद्यांकडे न्यावे आणि सोबत तेलाची बाटली घेऊन जावी, म्हणजे त्यांना घटकद्रव्ये वाचता येतील.