यॉर्कशायर टेरियर: पट्टा ताणला की खोकला, कानामागे केसांच्या गुठळ्या, सुळे दुहेरी

नवपालक
मादी, साडेपाच महिने, वजन १.६ किलो, लशी पूर्ण. फिरायला नेलं की पुढे पळते आणि गळपट्टा ताणला की कोरडा, हाँक-हाँक असा खोकला येतो. एरवी नाही. कानामागे आणि काखेत केसांचे घट्ट गोळे झालेत, आंघोळीनंतर तर जास्तच. वरचे सुळे दोन्हीकडे दोन-दोन दिसतात. खाणं दिवसातून दोनदा देतो, सकाळचं तिने टाळलं तर दुपारपर्यंत मलूल होते. यातलं तातडीचं काय?

खारुताई
मलूल होणं. बाकी सगळं चार दिवस थांबेल.

एवढ्याशा जिवाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. उपास लांबला, खेळ जास्त झाला किंवा थंडी वाजली की रक्तातली साखर झपकन उतरते. खाण्याचं रोजचं प्रमाण तेच ठेवा, पण चार वेळांत वाटा, आणि रात्रीचं शेवटचं खाणं झोपायच्या जरा आधी द्या. थरथर, झोकांड्या किंवा शून्य नजर दिसली तर बोटावर मध किंवा साखरेचा पाक घेऊन हिरड्यांना चोळा. तरतरी आली की लगेच खायला द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. हिरड्यांना चोळत दवाखाना गाठायचा. ‘शुगर-फ्री’ काहीही वापरू नका. त्यातलं झायलिटॉल कुत्र्याची साखर आणखी पाडतं आणि यकृतही खराब करू शकतं.

चार वेळा खाऊनही असं होत राहिलं, किंवा जेवणानंतर ती गुंगल्यासारखी भिंतीला डोकं टेकून उभी राहू लागली, तर बाइल ॲसिडची (यकृताचं काम कळणारी) रक्ततपासणी मागा. आतड्यांकडून येणारं रक्त यकृताला वळसा घालून जाणं (शंट) हा जन्मजात दोष या जातीत नेहमीचा आहे.

लगाम
गळपट्टा आजच काढा. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. छोट्या टेरियरमध्ये त्या कड्या मऊ पडून नळी चपटी होऊ शकते आणि गळ्यावरच्या दाबाने खोकला चाळवतो. पट्टा छातीच्या हार्नेसला लावा. पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजून हार्नेस घ्या. बांधल्यावर आत एक बोट सहज जायला हवं. पुढची पट्टी गळ्याच्या खड्ड्यावर नाही, छातीच्या हाडावर बसली पाहिजे. बहुतेक लोक चुकतात ते इथेच.

हार्नेसवरही खोकला राहिला, किंवा पाणी पिताना, उत्साहात, उकाड्यात येऊ लागला तर एक्स-रे काढा. लस झाली म्हणून केनल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) होतच नाही असंही नाही. मान ताणून, तोंड मिटून, नाकाने घुर्र-घुर्र हवा आत ओढत असेल तर तो खोकला नव्हे, उलटी शिंक आहे. ती बहुधा मिनिटभरात थांबते.

ओढण्याबद्दल: जात उंदीर मारण्यासाठी पैदा केलेली, पुढे धावणारच. पट्टा ताणला की जागीच उभं राहा, सैल झाला की चाला. लांबत जाणारा पट्टा नको, त्यात ओढलं की पट्टा मिळतो हेच ती शिकते.

कंगवा
आंघोळीने गोळे वाढतात कारण ओला गुंता आवळत वाळतो. आधी गुंता, मग पाणी. गोळ्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाका, मुळाशी केस चिमटीत धरा म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, बोटांनी गोळ्याचे उभे दोन-तीन भाग करा आणि स्टीलच्या कंगव्याने टोकापासून मुळाकडे या. कात्री नको. कातडी गोळ्याबरोबर वर उचललेली असते आणि कागदासारखी पातळ असते. निघतच नसेल तर ग्रूमरकडून क्लिपरने काढून घ्या.

सुटल्यावर रोज दहा मिनिटं. कोरडे केस विंचरले की तुटतात, म्हणून पाण्यात थोडं कंडिशनर घालून फवारा. काखेतले गोळे हार्नेस घासून पुन्हा होतील, घरात आल्यावर तो काढून ठेवा. कान सारखे खाजवत असेल तर आत वास किंवा मळ आहे का पाहा. आणि लांब केसांचा हट्ट नसेल तर दोन-तीन सेंटिमीटरवर कापून घ्या. मला तेच शहाणपणाचं वाटतं.

नवपालक
आभार. हार्नेस मागवला, खाणं चार वेळा केलं. सुळ्यांचं काय? दुधाचा हलवून काढू का?

खारुताई
नको. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि बारीक असतं, हिरडीत मोडून राहतं. वर पुढचा सुळा कायमचा, मागचा दुधाचा. मधल्या फटीत अन्न अडकतं, म्हणून तिथे रोज ब्रश फिरवा. पेस्ट कुत्र्यांचीच. दोन आठवड्यांत दुधाचा हलायला लागला नाही तर डॉक्टरांना दाखवा. नसबंदी ठरली असेल तर त्याच भुलीत ते दात काढून घेता येतात. खालचे सुळेही बघून ठेवा: तिथे कायमचा दात जिभेच्या बाजूने येतो, आणि दुधाचा जागचा हलला नाही तर कायमचा वरच्या टाळूत रुततो. तसं दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका.