शब्दचर्चा : ‘त्सुनाहिकी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जपानच्या ओकिनावा बेटावर, नाहा शहरात ऑक्टोबरमध्ये ‘ओत्सुनाहिकी’ होते, तिच्यावर लिहितेय. ‘ओ’ म्हणजे मोठा, ‘त्सुना’ दोर, ‘हिकी’ ओढणं. ‘रस्सीखेच’ तयार आहे, पण खटकतो.

— खटकणारच! वर्तमानपत्रांनी तो शब्द मंत्रिपदांना आणि जागावाटपाला कायमचा देऊन टाकलाय. उरलासुरला शाळेच्या मैदानावर. नाहाचा दोर भाताच्या पेंढ्याचा, सुमारे २०० मीटर लांब नि ४० टनांचा. मुख्य दोर कवेत मावत नाही, म्हणून त्याला फुटलेल्या बारीक दोऱ्या हजारो लोक ओढतात. पूर्व विरुद्ध पश्चिम असा सामना असतो, हे खरं. पण ओकिनावाच्या खेड्यांतल्या त्सुनाहिकीमागे पाऊस पडावा, पीकपाणी चांगलं व्हावं हे मागणं आहे. शेवटी लोक दोऱ्या कापून शुभ म्हणून घरी नेतात. शाळेतला दोर कोण घरी नेतो? तेव्हा सरळ ‘दोर ओढणं’ म्हणा, रथाचे ओढतात तसे.

— ‘दोर’ किरकोळ वाटतो. जपानीत साधा दोर तो ‘नावा’, जाडजूड तो ‘त्सुना’. सुमो कुस्तीतल्या सर्वोच्च किताबाच्या, ‘योकोझुना’च्या नावातला ‘झुना’ हाच. आपला मोटेचा ‘नाडा’ का नको?

— मोट पाहिलेले किती उरलेत? बाकीच्यांना पायजमा आठवेल. ‘दोरखंड’ घ्या.

प्रश्नकर्ती : दोरखंड पटला. आता पुढची अडचण. तिथे दोन दोरखंड असतात, एक पुरुष, एक स्त्री. प्रत्येकाच्या टोकाला फास. स्त्री-दोराच्या फासात पुरुष-दोराचा फास घालतात आणि मधून जाड लाकडी दांडा ठोकतात. त्याला ‘कानुची’ म्हणतात. ‘स्त्री-दोर’ लिहिलं की हसू येतं.

— ‘नर’ आणि ‘मादी’ लिहा की. बिजागरीला, टिचबटणाला आपण तेच म्हणतो, कोणी हसत नाही. ‘फास’ मात्र काढा, गळ्याशी येतो. ‘फेरा’ बरा.

— ‘कानुची’ तशीच ठेवा. ‘खुंटी’ म्हणाल तर टोपी अडकवायची वाटेल, ‘अडसर’ म्हणाल तर दाराचा. ‘कानुचीचा दांडा’ एकदा लिहिलं की पुढे नुसतं ‘कानुची’ चालतं.

— आणि तो दोरखंड ‘बनवू’ नका बरं, ‘वळा’. पेंढ्याचा आहे.