'रात्रीस खेळ चाले'च्या तिसऱ्या पर्वात भुते वाढली, मग भीती का कमी झाली?

उंबरठा :

नमस्कार मंडळी. झी मराठीवरील 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेची तिन्ही पर्वे गेल्या दोन महिन्यांत मी आईसोबत ओळीने पाहिली. २०१६ साली पहिले पर्व लागत असे तेव्हा आम्ही ते रोज रात्री साडेदहाला पाहत होतो. २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेले दुसरे पर्वही जवळजवळ न चुकता पाहिले होते. तिसरे मात्र त्या वेळी अर्ध्यावर सुटले. या वेळी ते शेवटपर्यंत पाहायचेच, असे ठरवून बसलो होतो, आणि तरीही मधले बरेच भाग आम्ही केवळ नेटाने पाहिले, हे कबूल केले पाहिजे.

माझा प्रश्न असा आहे. पहिले पर्व अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू होते. अण्णा तिथे प्रत्यक्ष फारसे नसतात, पण दत्ता, माधव, अभिराम आणि छाया या चारही मुलांच्या वागण्याबोलण्यात ते सतत जाणवत राहतात. दुसरे पर्व काळात मागे जाते. जिवंतपणी अण्णा कसे होते, जमिनी कशा बळकावत होते, शेवंता त्यांच्या आयुष्यात कशी आली आणि या सगळ्यात त्यांच्या पत्नी माईंचे काय झाले, ते तिथे दिसते. तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता दोघेही भूत होऊन पडझड झालेल्या वाड्यावर राज्य करतात. म्हणजे भुतांचा वावर सर्वांत जास्त या पर्वात आहे. असे असताना आम्हा दोघींना सर्वांत जास्त भीती दुसऱ्या पर्वात वाटली आणि सर्वांत कमी तिसऱ्या पर्वात. दुसऱ्या पर्वाच्या वेळी आई रात्री मागच्या दाराची कडी दोनदा तपासत असे. तिसरे पर्व पाहताना ती शांतपणे शेंगा सोलत बसलेली असायची.

अण्णांची भूमिका करणारे माधव अभ्यंकर यांच्या अभिनयात काही कमी पडले, असे मला वाटत नाही. त्यांची ती रोखलेली नजर आणि एकाएकी चढणारा आवाज दुसऱ्या पर्वाइतकाच तिसऱ्यातही परिणामकारक आहे. मग फरक कशामुळे पडला असावा? ज्यांनी तिसरे पर्व नीट पाहिले आहे, त्यांची मते वाचायला आवडतील.

---

रानवाट :

आपल्या आईंच्या शेंगा सोलण्यातच उत्तर आहे, असे मला वाटते. दुसऱ्या पर्वातले अण्णा हे माणूस आहेत आणि त्यांच्यासारखा माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. गावात ज्याच्यापुढे कोणी बोलत नाही, घरात ज्याची चाहूल लागताच बायकांच्या हातातले काम क्षणभर थांबते, ज्याच्या ताटात काय वाढायचे हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरते, असा कर्ता पुरुष. त्याच्या हातून पुढच्या क्षणी काय घडेल, याची ती भीती असते. माई त्या भीतीत संसार करतात, आणि प्रेक्षक माईंच्या जागी बसून अण्णांकडे पाहत असतो. शकुंतला नरे यांनी माईंचे ते दबलेपण ज्या संयमाने उभे केले, त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही, असे मला आजही वाटते. मालिकेची चर्चा निघाली की लोक अण्णा आणि शेवंता यांच्याबद्दल बोलतात, पण दुसऱ्या पर्वाचा सगळा ताण माईंच्या चेहऱ्यावर पेललेला होता.

जिवंत अण्णांना गमावण्यासारखे पुष्कळ होते. इभ्रत होती, मुले होती, जमीन होती, शेवंता होती. ते जे पाप करतात त्याचा हिशेब कधीतरी चुकवावा लागणार, हे आपल्याला पहिल्या पर्वामुळे आधीच माहीत असते आणि तो दिवस कसा येतो, हे पाहण्यासाठी आपण थांबतो. तिसऱ्या पर्वातल्या अण्णांना गमावण्यासारखे काहीच उरलेले नाही. ते हवे तिथे प्रकटतात, हवे त्याला छळतात आणि नाहीसे होतात. ज्याच्या ताकदीला मर्यादा नाही आणि ज्याला कशाची किंमत मोजावी लागत नाही, त्याची भीती पहिले चार दिवस वाटते. पाचव्या दिवशी त्याची सवय होते, आणि दैनंदिन मालिकेत तर त्यानंतर अनेक महिने काढायचे असतात.

---

सातेरी :

माझे माहेर सिंधुदुर्गातले आहे आणि मालिकेतला वाडा ज्या आकेरी गावात आहे तिथून ते फार लांब नाही. पहिल्या पर्वानंतर पर्यटक तो वाडा पाहायला येऊ लागले. मी तिथे गेले होते त्या दिवशीही अंगणात लोक उभे राहून छायाचित्रे काढत होते, आणि दिवसाउजेडी ते घर आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या कौलारू घरासारखेच होते. म्हणजे भीती त्या वास्तूत नव्हती, ती कथा सांगण्याच्या पद्धतीत होती.

रानवाट यांच्या म्हणण्याला मी एक गोष्ट जोडेन. तळकोकणात वाढलेल्या माणसाच्या मनातली अदृश्याची कल्पना बरीच शिस्तशीर असते. राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीची, हद्द ठरलेली असते. देवचार रात्री आपल्या वाटेने फेरी मारतो, त्याच्या वाटेत आडवे यायचे नाही. वर्षातून एकदा त्याला त्याचा मान द्यायचा. काही बिघडले तर देवाला कौल लावायचा, गाऱ्हाणे घालायचे, आणि गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या सर्वांनी 'व्हय महाराजा' म्हणायचे. आरवली गावच्या वेतोबा या ग्रामदैवताला आजही चामड्याच्या वहाणा आणि केळीचे घड वाहतात. तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि फिरून वहाणा झिजतात, असे लोक मानतात. हे सारे खरे की खोटे हा प्रश्न बाजूला ठेवू. कथा म्हणून पाहिले तर या जगाला नियम आहेत. कोणी काय चुकवले म्हणून काय घडले, हे ऐकणाऱ्याला समजते. त्यामुळे चूक झाली की अंगावर काटा येतो.

तिसऱ्या पर्वातल्या भुतांचे नियम मला अखेरपर्यंत उमगले नाहीत. त्यांना उंबरठा ओलांडता येतो की नाही, देवाच्या अंगाऱ्याला ती भितात की नाही, ती कोणाला दिसतात आणि कोणाला नाही, हे जसा प्रसंग येईल तसे ठरत गेल्यासारखे वाटले. माझी मावशी आमच्याकडे बसून हे पर्व पाहत असे. एके रात्री ती उठताना म्हणाली, "मेलेलो माणूस रोज रोज दिसाक लागलो, तर त्याची भीती कित्या वाटतली?" मालिकेविषयीचे इतके नेमके मत मी दुसरीकडे वाचलेले नाही.

---

पडवी :

येथे तिसऱ्या पर्वाची बाजू घेणारे कोणी दिसत नाही, म्हणून मी लिहितो. माझ्या मते या पर्वाचा न्याय करताना ते कोणत्या काळात तयार झाले, हे विसरून चालणार नाही. २२ मार्च २०२१ रोजी ते रात्री अकरा वाजता सुरू झाले. करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे एप्रिलच्या मध्यात महाराष्ट्रातले चित्रीकरण बंद झाले. स्टुडिओत चालणाऱ्या अनेक मालिका आपला संसार उचलून परराज्यात गेल्या. ज्या मालिकेचा जीवच एका वाड्यात, त्या वाड्याच्या विहिरीत आणि मागच्या रानात आहे, ती कुठे जाणार? मालिका थांबली ती थेट १६ ऑगस्ट २०२१ रोजी परतली. जेमतेम महिनाभर चाललेली कथा तीन-साडेतीन महिने बंद राहिली, तर प्रेक्षकाच्या मनातला धागा तुटणारच. भयकथेला तर हे सर्वांत जास्त बाधते, कारण भीती साठत जावी लागते. तुम्ही दोघींनी आता सलग पाहिले असले तरी लिहिणाऱ्यांना आणि काम करणाऱ्यांना तो खंड पडलेलाच होता आणि त्याच्या खुणा पडद्यावर दिसतात.

दुसऱ्या पर्वालाही टाळेबंदीचा फटका बसला होता, हे मला मान्य आहे. मात्र २०२० च्या मार्चमध्ये ते पर्व वर्षाहून अधिक काळ चाललेले होते, पात्रे रुजलेली होती आणि जुलैमध्ये परतल्यावर कथेचा केवळ शेवट उरला होता.

आता गुणांविषयी. वाड्याचे उजाडपण या पर्वात ज्या रीतीने दाखवले आहे, ते मला फार आवडले. भरलेले घर रिकामे होणे हे कोकणातल्या कितीतरी घरांचे वास्तव आहे. मुले मुंबईला गेली, म्हातारी माणसे गेली, वाटण्यांचे दावे चालू राहिले आणि कौले फुटून पावसाचे पाणी माजघरात आले. आमच्या स्वतःच्या घराची एक पडवी अशीच बसली. दाराच्या चौकटीला वाळवीची मातकट रेघ वरपर्यंत गेलेली, खुंटीवर आजोबांची टोपी तशीच, आणि भिंतीवर ओल चढून दिनदर्शिकेचे पान भिंतीलाच चिकटलेले. अभिराम आणि कावेरी वाड्यात येतात तेव्हा मला भूत दिसण्याआधीच गलबलून आले होते. या पर्वाने भुतांना थोडे मागे ठेवून त्या रिकामेपणालाच बोलू दिले असते, तर ते तिन्हींत श्रेष्ठ ठरले असते, असे मी मनापासून म्हणेन.

---

उंबरठा :

पडवी, खंड पडल्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, त्याबद्दल आभार. तुमचे वाळवीच्या रेघेचे वर्णन आईला वाचून दाखवले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. आमचेही घर बंद आहे.

एक उपप्रश्न विचारते. तिसरे पर्व चालू असतानाच शेवंतेची भूमिका अपूर्वा नेमळेकर यांच्याकडून कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली. सलग पाहताना तो बदल मला फार खटकला. नव्या अभिनेत्रीचा यात दोष आहे, असे मुळीच म्हणायचे नाही. इतरांचा अनुभव काय आहे?

---

झांज :

मी दशावताराचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्याचा, जुना प्रेक्षक आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्या बाजूने देतो. दशावतारात एकच द्रौपदी आज एका कंपनीत एक कलाकार करतो, उद्या दुसऱ्या कंपनीत दुसरा करतो, शिवाय स्त्रीपार्टी करणारा पुरुषच असतो. प्रेक्षकाला ते कधीही खटकत नाही. तिथे पात्र आधीपासून सर्वांच्या मनात असते, नट ते रात्रीपुरते अंगावर घेतो, आणि पेटी, मृदंग, झांज वाजू लागली की आपण त्याचे मानतो.

शेवंतेचे तसे नव्हते. मालिकेत पात्र आधी नसते, ते चेहऱ्यातूनच जन्माला येते. शेवंता म्हणजे अपूर्वा नेमळेकर यांचे काजळ भरलेले डोळे, केसांतला गजरा आणि बोलण्याआधीचे ते किंचित थांबणे, हे दुसऱ्या पर्वात दीड वर्ष रोज जवळून पाहून प्रेक्षकांच्या मनात पक्के झाले होते. त्यात शेवंता आता भूत आहे. जिवंत पात्राचा नट बदलला तर आपण एकवेळ चालवून घेतो, कारण त्या पात्राचे आयुष्य पुढे सरकत असते. भूत म्हणजे मुळात आठवण. आठवणीचा चेहराच बदलला, तर परत आलेली ही बाई कोण, असे मन विचारू लागते. कृतिका तुळसकर यांच्या वाट्याला त्यामुळे फार अवघड काम आले, आणि त्यांनी नक्कल न करता आपल्या पद्धतीने ते केले, हे मला योग्य वाटते.

दशावतारातली दुसरी गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. आडदशावतारात, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, संकासूर हा राक्षस येतो. काळा वेश आणि लोंबणारी लाल जीभ पाहून लहानपणी मी आजोबांच्या घोंगडीत शिरत असे. पण त्याची वेळ ठरलेली असते. तो येतो, लोकांना हसवतो, घाबरवतो, आणि जातो. मग आख्यान उभे राहते. तो पहाटेपर्यंत मंचावरच बसून राहिला असता, तर मी घोंगडीतून बाहेर येऊन खुशाल झोपलो असतो. तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता मंचावरून उतरतच नाहीत.

---

सातेरी :

झांज यांनी माझ्या मावशीचेच म्हणणे अधिक विस्ताराने मांडले आहे. बोलीविषयीही लिहायचे राहून गेले होते. पहिल्या पर्वाच्या वेळी आमच्या भागात या मालिकेला विरोध झाला होता. कोकण म्हणजे भुताखेतांचा आणि करणीचा प्रदेश, असे चित्र बाहेर जाते, अशी ती तक्रार होती, आणि ती मला आजही अनाठायी वाटत नाही. त्याच वेळी नाईकांच्या घरातला गडी पांडू याचे 'इसारलंय' (विसरलो) घरोघरी पोचले आणि मुंबईत मालवणी बोलायला संकोचणारी आमच्या नात्यातली मुले ते मोठ्याने म्हणू लागली, हेही मी पाहिले आहे. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते, आणि त्यामुळे पांडूच्या तोंडची भाषा बाहेरून आणून चिकटवलेली वाटत नाही. तिसऱ्या पर्वात किंकाळ्या आणि पार्श्वसंगीत वाढले, तशी ही ओट्यावरची बोलणी कमी झाली. मला भुतांपेक्षा ती बोलणी अधिक हवी होती.

---

उंबरठा :

आईने काल स्वतःहून दुसरे पर्व पुन्हा लावायला सांगितले. या वेळी ती अण्णांकडे पाहत नाही, माईंकडे पाहते आहे. पहिल्या दोन भागांनंतर ती एवढेच म्हणाली, की माझी आत्या अशीच पदर धरून दाराआड उभी राहायची. नंतर उठून तिने मागच्या दाराची कडी पाहिली.