मदत हवी आहे: ‘वन्स इन अ ब्लू मून’ नेमकं कुठे वापरायचं?

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. गाईडमध्ये या वाक्प्रचारापुढे ‘क्वचित’ एवढंच छापलंय. मुलं ते पाठ करतात, पण वाक्यात उपयोग करा म्हटलं की अडतात.

एका मुलीनं लिहिलं, ‘माय ग्रँडफादर वेंट टू पंढरपूर वन्स इन अ ब्लू मून.’ आजोबा जन्मात एकदाच गेले, असं तिला म्हणायचं होतं. मला हे खटकतं, पण तिला पटेल असं कारण हवंय.

दुसरा मोबाइलवर वाचून आला की ब्लू मून म्हणजे एकाच इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तसं झालं होतं. १ तारखेला अधिक श्रावणातली पौर्णिमा, महिनाअखेरीस राखीची. तो म्हणे, “सर, हा तं आपला धोंड्याचाच महिना झाला न जी! मंग जावई धोंडे खायले येते, त्याले हेच म्हणू का?” पोराचं डोकं पाहून फार बरं वाटलं. त्याला अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

शिवाय मराठीत याला काय म्हणावं? सठीसहामाशी, की कपिलाषष्ठीचा योग?

प्रतिसाद

खटकलं ते बरोबरच. अधूनमधून घडणारी, पण फार विरळ आणि नेम नसलेली गोष्ट असेल तिथे हा वाक्प्रचार बसतो. भाऊ पुण्याला असतो, गावाकडे फिरकतच नाही: ‘ही कम्स होम वन्स इन अ ब्लू मून.’ आजोबांसाठी ‘ओन्ली वन्स इन हिज लाइफ’ लिहायला सांगा.

मुलानं जुळवलेला हिशोब खरा आहे. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, सौर वर्षाला सुमारे ११ कमी पडतात. त्यातूनच साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो आणि जादाची पौर्णिमाही. पण ‘महिन्यातली दुसरी पौर्णिमा’ हा अर्थ १९४६ मध्ये एका अमेरिकी खगोल मासिकातल्या लेखामुळे रूढ झाला. वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे तो महिने मोजून वापरत नाहीत. धोंड्याला जावयानं येणं तर ठरलेलंच असतं, तिथे नको.

सठीसहामाशी अगदी जवळचा. कपिलाषष्ठीच्या योगात भाग्यानं जुळून आल्याचा आनंद आहे, तो या इंग्रजी शब्दांत नाही. उलट बरेचदा ‘येतच नाही’ अशी तक्रारच असते.