मदत हवी आहे: तिसरीच्या वर्गासाठी फुकट किंवा अगदी स्वस्तातली बक्षिसं कुठे मिळतील? (मुंबई)

डोंगराखालची शाळा

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवते. पटावर ३८ मुलं आहेत. बहुतेकांचे वडील रिक्षा चालवतात नाहीतर नाक्यावर कामाला उभे राहतात, आया घरकाम करतात. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मी एक-दोन मुलांना छोटंसं बक्षीस देते. पाढे, वाचन, स्वच्छता, कुणी कुणाला मदत केली, असं काहीही कारण असतं. खर्च माझ्या खिशातून, महिन्याला ३०० रुपये. त्याहून जास्त मला झेपत नाही.

वही, पेन्सिल, दप्तर, रेनकोट हे सगळं मुलांना पालिकेकडून मिळणाऱ्या २७ शालेय वस्तूंमध्ये येतंच. त्यामुळे पेन्सिल बक्षीस दिली की "बाई, ही आहे माझ्याकडे" असं अगदी सरळ तोंडावर सांगतात. चॉकलेट मला द्यायचं नाही. दोन मिनिटांत संपतं, आणि आमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या दाढा किडलेल्या आहेत.

गेल्या वर्षी घाऊक बाजारातल्या एका दुकानातून दिवा लागणारी पेनं चार डझन आणली. सोमवारी वाटायला काढली तर १९ पेटेचनात. एकाचं झाकण निघून आतला बटणासारखा सेल एका मुलीच्या हातात आला, आणि ती तो जिभेला लावून बघत होती. माझ्या पोटात गोळाच आला. सगळी पेनं परत गोळा केली. दुकानदाराने "विकलेला माल परत नाही" म्हणून हात वर केले. पैसे गेलेच, शिवाय मुलांच्या हातातून दिलेली वस्तू काढून घ्यावी लागली, ते फार लागलं मनाला.

आणखी एक गोष्ट आहे, खरं तर तिच्यामुळेच लिहायला बसले. वर्गात एक मुलगा आहे, वाचताना अजून अडखळतो. जूनपासून एकदाही त्याला बक्षीस मिळालेलं नाही. गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी वहीवरून निसटलेला चांदणीचा स्टिकर त्याला बाकाखाली सापडला. त्याने तो शर्टाला पुसला आणि स्वतःच्या वहीच्या आतल्या पानावर लावायला लागला. चिकटेना. मग खिचडीतलं भाताचं शीत घेऊन, बोटाने चुरून, त्याने तो चिकटवला आणि वही पटकन मिटली. मी पाहिलं हे त्याला कळू दिलं नाही.

तर दोन गोष्टी हव्या आहेत. स्वस्त किंवा फुकट काय देता येईल आणि मुंबईत ते कुठे मिळेल? आणि अशा मुलापर्यंतही ते पोचेल असं कसं करायचं?

रानडेरोडकर

ताई, आधी बाजाराचं सांगतो, माझं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. तुम्ही अब्दुल रहमान स्ट्रीटला जा. क्रॉफर्ड मार्केटच्या अगदी जवळ आहे. भांडुपहून स्लो गाडी पकडून मशीद स्टेशनला उतरलात तर चालत जाता येतं. स्टेशनरी, स्टिकर, खोडरबर, छोट्या डायऱ्या, सगळं घाऊक मिळतं. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. शनिवारी शाळा सुटल्यावर गेलात तरी चालेल, पण गर्दीची तयारी ठेवा.

माल डझनावर नाहीतर ग्रोसवर देतात. ग्रोस म्हणजे १४४ नग. एकट्याने घेऊ नका, शाळेतल्या तीन-चार बायांनी मिळून एक ग्रोस घ्या आणि वाटून घ्या. डबा तिथेच उघडून पाच-सहा नग वापरून बघा. दाखवू देत नसेल तर पुढचं दुकान.

आणि खेळणं म्हणून काही घ्याल तर त्यावर आयएसआयची खूण बघूनच घ्या. १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. बटण सेल असलेली कुठलीच स्वस्त वस्तू लहान वर्गात नेऊ नका. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला आतून भाजतो, तासाभरातसुद्धा इजा सुरू होऊ शकते. तुम्ही पेनं गोळा केलीत ते शंभर टक्के बरोबर केलंत.

टपाल खिडकी

फुकटातलं एक सुचवतो. वापरलेली टपाल तिकिटं.

सोसायट्यांची ऑफिसं, वकील, ट्रस्ट यांच्याकडे अजूनही तिकीट लावलेली पाकिटं येतात आणि थेट रद्दीत जातात. त्यांना सांगून ठेवा. तिकीट ओढून काढायचं नाही, फाटतं. आजूबाजूचा कागद ठेवून कापायचं, साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उपडं तरंगत ठेवायचं. डिंक सुटला की ते आपोआप कागदावरून सरकतं. मग वर्तमानपत्रावर वाळवायचं आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवायचं. स्टिकरसारखी चिकटणारी तिकिटं पाण्यात सुटत नाहीत, ती कागदासकटच ठेवा.

मी लहानपणी परळच्या चाळीत राहायचो. एका तिकिटावरचा पक्षी ओळखण्यासाठी आम्ही तिघे मित्र वाचनालयात जाऊन बसलो होतो. एका तिकिटात एवढं असतं.

डोंगराखालची शाळा

रानडेरोडकर दादा, चार बायांनी मिळून घ्यायचं सुचलंच नव्हतं, उद्याच विचारते. तिकिटं काढायचा कार्यक्रम वर्गातच करता येईल असं वाटतंय, पाण्याची परात आहे आमच्याकडे.

छापखाना

ताई, कुठल्याही ऑफसेट प्रेसमध्ये जाऊन "कटिंगच्या पट्ट्या द्या" म्हणा. मोठा कागद कापून झाला की कडेच्या पट्ट्या उरतात, रंगीत, जाड, चकचकीत, सगळ्या तऱ्हेच्या. त्या किलोने रद्दीत जातात. शाळेसाठी म्हटलं तर बहुतेक जण पिशवी भरून देतात. बाइंडरकडे नेऊन एका कडेला गोंद लावून घेतला की तळहाताएवढे पॅड तयार. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे गेल्या हंगामाची सँपल्स पडून असतात, तीही मागा. त्यांवरचे सोनेरी गणपती मुलं कापून घेतात आणि जपून ठेवतात.

मानसी, वाचनापुरती

ताई, थोडा वेगळा मुद्दा. तुमची ती शीत लावून स्टिकर चिकटवल्याची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं, म्हणून लिहितेय.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायची अशीच मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. बाकीच्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच रंगीत पेनं नुसती ठेवून दिली. ज्यांना आधी कबूल केलं होतं त्या मुलांनी इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्या पेनांनी चित्रं काढली. अचानक ज्यांना मिळालं त्यांची आवड कमी झाली नव्हती.

म्हणजे बक्षीस वाईट असं नाही. पण मुलाला जे मनापासून आवडतं त्याच्यावर "हे केलंस तर ते देईन" असा सौदा लावू नये. शुक्रवार ठरलेला असला की मुलं गुरुवारपासून हिशेब मांडायला लागतात. वार मोडा. मंगळवारी सकाळी परिपाठ संपल्यावर द्या, कधी दोन आठवडे देऊच नका. आणि पहिला आला म्हणून देण्यापेक्षा त्या दिवशी त्याने नेमकं काय केलं ते सांगून द्या.

निवृत्त बाई, गिरगाव

मी ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं. बाजारातल्या वस्तूंपेक्षा वर्गातच असलेल्या गोष्टी मुलांना जास्त मोलाच्या वाटतात हे मला उशिरा कळलं, म्हणून तुला लवकर सांगते.

मधल्या सुट्टीची घंटा द्यायची, हजेरीपुस्तक मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन द्यायचं, फळ्यावर रंगीत खडूने तारीख आणि दिनविशेष लिहायचा. परिपाठाला कुठलं गाणं म्हणायचं ते ठरवायचं. बाईंच्या खुर्चीत बसून गोष्ट वाचायची, हे तर पोरांना राज्याभिषेकासारखं वाटतं. माझ्याकडे एक मुलगी होती, तिला खिडकीजवळची जागा एक दिवस मिळाली. घरी जाऊन तिने आईला सांगितलं की आज मला समुद्राचा वारा मिळाला. आमच्या शाळेपासून चौपाटी जवळ होती, तेव्हा तिचं खरंही होतं.

दुसरं म्हणजे फिरतं बक्षीस. मी एक भिंग घेतलं होतं, एकच. शनिवारी ते एका मुलाबरोबर घरी जायचं, सोबत एक शंभर पानी वही. सोमवारी परत आणायचं आणि वहीत काय बघितलं ते लिहायचं, लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. एकाने लिहिलं होतं, "आजीच्या बोटावर रेघा आहेत त्यात पीठ अडकलं आहे." दुसऱ्याने डासाचं चित्र काढलं होतं आणि त्याच्या पायांवर पट्टे दाखवले होते. तेव्हा सगळ्या वर्गाला डेंग्यूचा डास कसा ओळखायचा ते त्या वहीतून कळलं. ते भिंग माझ्याकडे नऊ वर्षं टिकलं. एकदाही हरवलं नाही. एकदा तडा गेला, तर त्या मुलाचे वडील स्वतः शाळेत येऊन सांगून गेले.

पाळी यादीने लाव, हुशारीने नको. तुझ्या त्या मुलाचा नंबर आपोआप येईल, आणि त्याला कुणी दया म्हणून दिलं असं वाटणार नाही. फक्त पहिला नंबर त्याला देऊ नकोस, वर्गाच्या लगेच लक्षात येतं. तिसरा-चौथा ठेव.

मालवणचो

सागरगोटे द्या ना ताई! काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात, राखाडी रंगाच्या गुळगुळीत टणक बिया. पाच-पाचचा संच करून एखाद्या कापडाच्या बटव्यात घाला. शिंप्याकडे कटपीस फुकट मिळतात. आमच्या आया-आज्या दुपारभर खेळायच्या, आता बऱ्याच मुलांना माहीतही नाही. मुलगेसुद्धा खेळतात, एकदा सुरू झालं की.

चिंचोकेही चालतील. मधोमध फोडले की एक बाजू पांढरी, एक काळी, फाशाचं काम होतं. रस्त्याकडेच्या झाडांखाली रतनगुंजेच्या लाल बिया पडलेल्या असतात, त्या दिसायला फार सुंदर असतात. पण गुंज देऊ नका. गुंजेच्या लाल बीला काळा ठिपका असतो आणि ती विषारी आहे. रतनगुंज पूर्ण लाल असते. तरीही तोंडात घालायची नाही असं मुलांना बजावूनच द्या, आणि घरी लहान भावंड असेल तर नकोच.

दादरची पुस्तकवाली

पुस्तकांचं राहिलंच. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फ्लोरा फाउंटनजवळ जुनी पुस्तकं मिळतात, मुलांची पातळ पुस्तकं घासाघीस करून बरीच स्वस्त पडतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं नवीकोरी घेतली तरी परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत आणि छापून वाटायलाही परवानगी आहे. तुमच्या त्या अडखळणाऱ्या मुलासाठी तिथे पातळीप्रमाणे पुस्तकं निवडता येतात, पहिल्या पातळीत एका पानावर एखादंच वाक्य असतं. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही मोफत वाचायला मिळतात.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर 'एक वही, एक पेन' म्हणून लोक फुलांऐवजी वह्या-पेनं वाहतात, ती पुढे गरजू मुलांपर्यंत पोचवली जातात. काही गणेश मंडळंही असंच करतात. शाळेच्या पत्रावर आधी मागणी करून ठेवा. तुमच्या मुलांना वह्या मिळतात हे खरं, पण चित्रकलेच्या वह्या आणि रंग आवर्जून मागा. देणग्या घेताना मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी कळवा, म्हणजे पुढे कटकट नाही.

पोस्टमनचा मुलगा

पोस्टकार्ड. अजूनही ५० पैशांना मिळतं. मुलाच्या नावाने, त्याच्या घरच्या पत्त्यावर, दोन ओळी लिहा. बस.

डोंगराखालची शाळा

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, राग मानू नका. सहामाहीची तयारी चालू होती.

भिंग घेतलं आणि वहीही केली, आत्तापर्यंत तीन मुलांच्या घरी जाऊन आलं. शुक्रवार मोडला. पहिल्या आठवड्यात मुलं विचारत राहिली, दुसऱ्यात विसरली. छापखानावाल्या दादांच्या सांगण्याप्रमाणे मुलुंडच्या एका प्रेसमधून दोन पिशव्या पट्ट्या आणल्या, एक पैसा घेतला नाही त्यांनी. घंटेसाठी आता यादी लावावी लागलीय, भिंतीवर चिकटवली आहे.

पोस्टकार्डं ४० आणली, २० रुपयांत पुऱ्या वर्गाची झाली. रोज रात्री थोडी थोडी लिहिते. त्या मुलाचं पाचवं होतं. लिहिलं, "गुरुवारी तू पहिलीच्या रडणाऱ्या मुलाला त्याच्या वर्गापर्यंत पोचवलंस. मला आवडलं. तुझ्या बाई." पत्ता लिहिताना काळजी होती. डोंगरावरच्या वस्तीत घरांना नंबर धड नाहीत, मी पाण्याच्या टाकीची खूण लिहिली होती. सहा दिवस काहीच नाही. मला वाटलं, गेलं.

सातव्या दिवशी तो सकाळी भिजत आला आणि दप्तरातून दुधाची रिकामी पिशवी काढली. आत ते कार्ड होतं, कोरडं. म्हणाला, "बाई, पोस्टमनने माझं नाव घेऊन हाक मारली. पप्पांचं नाही, माझं." मग वाचून दाखवू का विचारलं. अडखळत, बोट फिरवत, पूर्ण वाचलं त्याने. "पोचवलंस" ला दोनदा थांबला.

अजून २१ कार्डं लिहायची आहेत. मालवणच्या दादा, सागरगोटे मुलुंडच्या दुकानात थोडेच मिळाले, सात संच झाले. ठाण्याच्या बाजूला कुठे जास्त मिळत असतील तर सांगा, शनिवारी दुपारी जाऊन येईन.