आई-वडिलांसाठी रेकॉर्डर: आधी रिमोट बघा
आई-वडिलांना अँटेनावरचे टीव्ही कार्यक्रम रेकॉर्ड करून नंतर बघता यावेत, म्हणून कोणता रेकॉर्डर घ्यावा, असा प्रश्न आहे. वेगळा रेकॉर्डर कशाला, टीव्हीलाच यूएसबी डिस्क लावा, असं काही जण सुचवतात. स्वस्तात काम होतं हे खरं, पण बहुतेक टीव्हींमध्ये एकच ट्यूनर (चॅनेल पकडणारा भाग) असतो. बाबांची मॅच रेकॉर्ड होत असताना आईला दुसरं चॅनेल लावता येत नाही. शिवाय ती रेकॉर्डिंग्ज सहसा त्याच टीव्हीवर चालतात. टीव्ही बदलला की सगळं गेलं. त्यामुळे दोन ट्यूनरचा स्वतंत्र रेकॉर्डरच घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

रेकॉर्डरमध्ये ५०० जीबीची डिस्क पुष्कळ झाली. एचडीचा एक तास साधारण ४ ते ८ जीबी खातो.

खरी मेख कार्यक्रमपत्रिकेत, म्हणजे कुठल्या चॅनेलवर कधी काय लागणार हे दाखवणाऱ्या यादीत आहे. ती प्रसारणाबरोबर अँटेनावरूनच येते की कंपनीच्या सर्व्हरवरून, हे घेण्याआधी विचारा. काही रेकॉर्डर वर्गणीशिवाय चालतात खरे, पण पुढच्या एक-दोन दिवसांचेच कार्यक्रम दाखवतात, आणि मालिकेचे सगळे भाग आपोआप रेकॉर्ड करायची सोय पैसे भरल्यावरच मिळते. आई-वडिलांना तर नेमकी तीच सोय लागते. रोज तारीख-वेळ भरत कोण बसणार?

आणि रिमोट त्यांच्याच हातात देऊन बघा. रेकॉर्डिंगच्या यादीचं बटण वेगळं, ठळक आणि अंधारातही बोटाला सापडेल असं हवं. ते मेन्यूत तीन पायऱ्या आत असेल, तर तो रेकॉर्डर कितीही चांगला असला तरी घेऊ नका.