घण आणि हिरा
वर एका प्रतिसादात लिहिलंय की ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही तोच खरा हिरा. कळकळीची विनंती, हा प्रयोग कुणी करू नका!

कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. कठीणपणा मोजणाऱ्या १ ते १० च्या मोस मापनावर हिरा १०, माणिक-नीलम ९. पण हे माप फक्त ओरखड्याचं, म्हणजे कशाने कशावर ओरखडा उठतो त्याचं. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशांना पाटनाची प्रतलं, म्हणजे जिथे तो सहज चिरतो अशा सपाट पातळ्या, असतात. त्या दिशेने नेमका घाव बसला की तो सरळ दुभंगतो. ३,१०० कॅरटहून मोठा कलिनन हिरा १९०८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पोलादी पातं ठेवून असाच फोडला होता. उलट नेफ्राइट जेड हा शोभेचा दगड जेमतेम ६ ते ६.५ कठीण, पण आतले तंतू एकमेकांत इतके गुंतलेले की हातोड्याला सहजी दाद देत नाही.

घरच्या घरी बघायचंच असेल तर खड्यावर तोंडाची वाफ सोडा. हिऱ्यावरचं धुकं क्षणात विरतं, कारण तो तांब्याहूनही चांगला उष्णतावाहक आहे. काचेवर ते रेंगाळतं. हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाइट हा कृत्रिम खडा मात्र इथे चकवतो. त्याच्या वरच्या पैलूतून भिंगाने तिरकं पाहिलं तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात तशा दिसत नाहीत.